हौद्याचा लेप बंपरवर : दोन बंपर आणि तीन प्रयत्नांनंतरचे मत

पिकअप गाडीच्या हौद्यात दगड, विटा, लोखंडी नळ्या असा माल चढवता-उतरवताना मूळ रंग टिकत नाही आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला गंज चढतो, म्हणून हौद्याच्या आतून जो जाड, खरखरीत आणि रबरासारखा चिवट लेप फवारतात त्याला बेडलायनर म्हणतात. त्याआधी हौद्यात प्लास्टिकचे तयार, सुटे अस्तर बसवण्याची पद्धत होती आणि ती आजही आहे. पण अशा अस्तराखाली पाणी आणि वाळू अडकून राहते, गाडीच्या हादऱ्यांनी ती वाळू रंगावर घासत राहते आणि अस्तर उचलून पाहावे तर खाली पत्रा खाल्लेला सापडतो. फवारलेला लेप पत्र्याला सर्व बाजूंनी चिकटलेला असल्यामुळे मधे पाणी शिरायला जागाच उरत नाही. त्याचे सारे मोल या चिकटण्यात आहे, हे पुढचे सगळे वाचताना लक्षात ठेवावे.

गेल्या अडीच वर्षांत मी हा लेप माझ्या गाडीच्या दोन्ही बंपरांवर मारला : पुढच्या लोखंडी बंपरवर एकदा आणि मागच्या प्लास्टिकच्या बंपरवर दोनदा. मागच्यावर दोनदा का मारावा लागला, ते आधी सांगतो, कारण या लेपाविषयी मला जे सांगायचे आहे ते बहुतेक सगळे त्यातच आहे.

पहिला प्रयत्न दाबाच्या डब्यातून (स्प्रे कॅनमधून) येणाऱ्या, एकाच घटकाच्या काळ्या बेडलायनरचा होता. बंपर गाडीवरच ठेवून मी तो साबणाने धुतला, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने वरवर घासला, कडेने मास्किंग टेप लावली आणि तीन हात मारले. संध्याकाळपर्यंत बंपर इतका सुरेख दिसू लागला की वर्षानुवर्षांचे ओरखडे कुठे गेले ते शोधूनही सापडेना. पाच महिन्यांनी गाडी जोरदार पाण्याच्या फवाऱ्याखाली धुताना खालच्या कडेला लेपाचा एक कोपरा उचलला गेला. तो चिमटीत धरून ओढल्यावर तळहाताएवढा तुकडा अखंड निघून हातात आला आणि त्याच्याखालचे प्लास्टिक कारखान्यातून आल्यासारखे स्वच्छ होते. साध्या रंगाची पकड कमी पडली तर त्याचे बारीक पोपडे निघतात आणि डाग तेवढ्यापुरता राहतो. बेडलायनरचे तसे नाही. हा लेप स्वतःशी फार घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे खालच्या पृष्ठभागाशी त्याची पकड कच्ची राहिली की तो तुटत नाही, सालीसारखा सोलून निघतो. लेप जितका चिवट तितकी खालची तयारी अधिक काटेकोर लागते, आणि नेमके उलटे समजून मी काम केले होते : खरखरीत लेपाखाली सगळे झाकले जाते, मग एवढी घासाघीस कशाला, असे मला वाटले होते.

दोष सगळा डब्याचा नव्हता, परंतु एक उणीव त्याचीही होती. एकाच घटकाचा लेप त्यातला द्रावक उडून गेला की वाळतो. त्यात रासायनिक बंध तयार होऊन पक्के होण्याचा भाग फारसा नसतो. म्हणून तसलाच द्रावक पुन्हा लागला की तो मऊ पडतो. रस्त्यावरच्या डांबराचे ठिपके काढायला मी थिनरमध्ये भिजवलेले फडके फिरवले, तेव्हा डांबराबरोबर लेपाचा काळा रंगही फडक्यावर उतरला. हार्डनर, म्हणजे लेप रासायनिक क्रियेने पक्का करणारा दुसरा घटक, मिसळून वापरण्याच्या लेपावर तेच फडके तितक्याच जोराने फिरवून पाहिले, तर फडके जवळजवळ कोरे राहिले. विकत घेताना दोन्ही प्रकार एकाच नावाने समोर येतात, म्हणून वेष्टनावर हार्डनरचा उल्लेख आहे की नाही ते पाहिल्याशिवाय घेऊ नये. दाबाच्या डब्यातही दोन घटकांचे प्रकार मिळतात. त्यांच्या तळाशी असलेली कळ दाबली की आतली हार्डनरची कुपी फुटते आणि मग तो डबा ठरावीक मुदतीतच संपवावा लागतो. एखाददुसऱ्या लहान भागासाठी तो मार्ग चांगला आहे, कारण त्याला कॉम्प्रेसर लागत नाही.

पुढच्या लोखंडी बंपरसाठी मी यू-पोल कंपनीचे रॅप्टर वापरले आणि या परीक्षणातला अनुकूल भाग मुख्यतः त्याच्याविषयी आहे. हा दोन घटकांचा युरेथेन लेप आहे. त्याच्या एक लिटरच्या बाटलीत ७५० मिलिलिटर लेप भरलेला असतो आणि उरलेल्या जागेत २५० मिलिलिटर हार्डनर ओतायचा असतो, म्हणजे ३:१ हे प्रमाण बाटलीच्या मापातच बसवलेले आहे. मग झाकण लावून सुमारे दोन मिनिटे जोरात हलवायचे आणि तीच बाटली थेट शुट्झ गनला (जाड लेप फवारण्याच्या, कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या गनला) फिरवून बसवायची. वेगळे भांडे, गाळणी, मोजपट्टी यांची गरज पडत नाही आणि काम संपल्यावर धुवायला केवळ गन उरते. घरी काम करणाऱ्या माणसाच्या हातून प्रमाण चुकणे हा दोन घटकांच्या रंगातला सर्वांत मोठा धोका असतो; तो या साध्या योजनेने जवळजवळ नाहीसा केला आहे आणि मला ही गोष्ट मनापासून आवडली. मिश्रण झाल्यावर साधारण २० अंश सेल्सियस तापमानाला तासाभराचा अवधी मिळतो. हवा उष्ण असेल तर तो कमी होतो, म्हणून दुसरी बाटली पहिली संपल्याशिवाय मिसळू नये.

हौद्याचे काम व्यावसायिक रीतीने करणाऱ्या ठिकाणी याहून वेगळा, तापवून उच्च दाबाने फवारायचा पॉलियुरियाचा लेप मारतात. त्यात दोन्ही घटक गनच्या तोंडाशी एकत्र येतात, काही सेकंदांत घट्ट होतात आणि दीड-दोन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त जाडी एका दमात मिळते. माल आपटणाऱ्या हौद्याला ती जाडी हवीच. बंपरवर मात्र तिने कडा बोथट दिसतात, बोल्टची भोके आणि दिव्यांच्या खाचा अरुंद होतात आणि आकाराची रेखीवता जाते. रॅप्टरसारख्या लेपाच्या दोन हातांनी पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास थर बसतो. माझ्या मते बंपरला एवढा पुरे.

लोखंडी बंपरची तयारी करायला मला दोन दिवस लागले आणि फवारणीला अर्धा दिवसही लागला नाही. त्यावर आधीचे पावडर कोटिंग होते आणि दगड लागून ते जागोजागी उडाले होते. जिथे ते घट्ट होते तिथे ते १८० नंबरच्या पेपरने घासून त्याची चकाकी पूर्ण घालवली. जिथे गंज होता तिथे ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क लावून लखलखीत लोखंड दिसेपर्यंत उतरवले. गंजावर बेडलायनर मारला की गंज दबतो, हा समज घातक आहे. वरून सारे काळे आणि एकसंध दिसत राहते, आत गंज पसरत जातो आणि फुगवटा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. उघड्या लोखंडावर मी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारला, कारण गंजाला अडवण्याचे काम प्रायमरचे आणि दगडाचा मार खाण्याचे काम लेपाचे, अशी ही विभागणी आहे.

कडांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. कापलेल्या पत्र्याची कड धारदार असते आणि ओला लेप अशा धारेवरून दोन्ही बाजूंना ओढला जातो, त्यामुळे नेमक्या जास्त मार खाणाऱ्या जागी थर सर्वांत पातळ राहतो. मी सगळ्या बाहेरच्या कडा कानशीने घासून गोलसर केल्या आणि पहिला हात मारण्याआधी केवळ कडांवर आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर एक हलकी फवारणी करून घेतली. आज सव्वादोन वर्षांनी पाहता बंपरवर गंजाचा एकच ठिपका आहे, आणि तो टो-हुकच्या (गाडी ओढून नेण्याच्या आकड्याच्या) भोकाच्या आतल्या कडेला, म्हणजे मी कानस न पोहोचल्यामुळे सोडून दिलेल्या जागी आहे. बंपरच्या खालच्या बाजूची पाणी निघून जाण्याची भोके लेपाने बुजणार नाहीत याचीही काळजी घ्यावी. ती बुजली तर बाहेरून सुरक्षित दिसणारा बंपर आतून कुजतो.

फवारणीत एक गोष्ट चटकन लक्षात येते : या लेपाचा दाणा आपल्या हातात असतो. हवेचा दाब वाढवला आणि गन थोडी जवळ आणली तर दाणा बारीक पडतो. दाब कमी करून गन लांब नेली तर तो जाड आणि विखुरलेला होतो. मी जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर तीन-चार वेळा मारून पाहिले, साधारण ५० पीएसआय दाब आणि हातभर अंतर ठरवले आणि मग शेवटपर्यंत त्यात बदल केला नाही. मधेच अंतर बदलले तर एकाच बंपरवर दोन पोत दिसतात आणि ती चूक घासूनही लपत नाही. पहिला हात पातळ, खालचा पृष्ठभाग अंधूक दिसत राहील इतकाच मारावा, तासभर थांबावे आणि दुसरा हात भरून, पहिल्याला आडवा जाईल अशा दिशेने मारावा. उभ्या पृष्ठभागावर घाईने जाड थर दिला तर ओघळ येतात आणि दाणेदार लेपातला ओघळ घासून काढता येत नाही. मास्किंग टेप लेप ओला असतानाच काढावी. पूर्ण वाळल्यावर ओढली तर लेपाची कड तिच्याबरोबर फाटते.

आर्द्रतेबाबतही सावध राहावे लागते. हार्डनरमधील आयसोसायनेट पाण्याशी क्रिया करते आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, म्हणून ओलसर पृष्ठभागावर किंवा कॉम्प्रेसरच्या नळीतून पाण्याचे थेंब येत असताना मारलेल्या लेपात बारीक बुडबुडे आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. नळीवर पाणी अडवणारा फिल्टर बसवणे आवश्यक आहे, आणि उरलेल्या हार्डनरचे झाकणही ताबडतोब घट्ट लावले पाहिजे.

याच आयसोसायनेटविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. फवारलेल्या धुक्यातून ते श्वासावाटे शरीरात गेले, किंवा कातडीवर वारंवार लागले, तर दम्याचा विकार जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याच्याबाबत संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही झटका येतो. रंगकाम करणाऱ्या कारागिरांना या कारणाने आपला व्यवसाय सोडावा लागतो. ते घातक पातळीला असूनही त्याचा वास येत नाही, त्यामुळे वासावरून अंदाज बांधता येत नाही आणि मुखवट्याची गाळणी निकामी झाल्याचेही कळत नाही. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क बांधून हे काम करणे म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालणे आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा, डोळे आणि कातडी झाकणारा पोशाख, हातमोजे आणि वाहती हवा यांची सोय होत नसेल तर तयारी स्वतः करावी आणि फवारणी तशी सोय असलेल्या कार्यशाळेत करून घ्यावी. मी दोन्ही वेळा हवा पुरवणारा मुखवटा भाड्याने आणला.

मागच्या बंपरचा दुसरा प्रयत्न मी पुढच्याचा अनुभव घेऊन केला आणि तरीही तो मला अधिक अवघड वाटला, कारण प्लास्टिक हे लोखंडासारखे सरळ नाही. बंपर उतरवून त्याची आतली बाजू पाहिली तर तिथे प्लास्टिकची जात उमटवलेली असते. माझ्या बंपरवर ‘पीपी + ईपीडीएम – टीडी२०’ असे होते, म्हणजे रबर मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन आणि त्यात २० टक्के टाल्कची पूड. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा इतकी कमी असते की बहुतेक रंग आणि गोंद त्याला नीट धरत नाहीत. पाण्याचा थेंबही त्यावर पसरण्याऐवजी गोळा होऊन राहतो. त्याच्यासाठी खास चिकटपणा वाढवणारा पारदर्शक प्रायमर मिळतो. बहुतेकदा क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिन हा त्याचा आधार असतो आणि तो प्लास्टिक व लेप यांच्यातला दुवा बनतो. पहिल्या खेपेला मी नेमका हाच दुवा वगळला होता. एबीएससारख्या प्लास्टिकला रंग तुलनेने सहज धरतो, म्हणून एकाच्या बंपरवर प्रायमरशिवाय टिकलेला लेप दुसऱ्याच्या बंपरवरून सोलून निघाला तर आश्चर्य वाटायला नको.

क्रम असा ठेवला : जुना लेप सोलून आणि घासून पूर्ण काढला, कोमट साबणाच्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुतले, वाळल्यावर तेलकटपणा काढणारे द्रावण एका फडक्याने लावून ते उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घेतले, मग घासले आणि घासल्यानंतर पुन्हा तसेच पुसले. आधी घासून मग पुसणारे पुष्कळ असतात, पण त्यामुळे मेण आणि सिलिकॉन पेपरच्या चऱ्यांमध्ये रगडले जाते आणि नंतर निघत नाही. गाडीला चकाकी आणणारी सिलिकॉनयुक्त द्रावणे जर बंपरवर वर्षानुवर्षे वापरली असतील, तर ही पुसापुशी दोन-तीन वेळा करावी. त्यानंतर प्रायमरचा अगदी पातळ हात, वेष्टनावर सांगितलेली प्रतीक्षा आणि मग लेप. प्रायमर जास्त मारला की जास्त धरेल असे नसते. त्याचा जाड थर स्वतःच दुबळा दुवा ठरतो. खोल खरवडलेल्या दोन जागांवर मी प्लास्टिकसाठीची लवचीक लांबी (पुटी) भरली होती. बारीक ओरखडे लेपाचा दाणा गिळून टाकतो, कारण त्यावर प्रकाश विखुरला जातो. पण मोठा पोचा किंवा वाकलेली रेषा तो झाकत नाही, तिरप्या उन्हात ती स्पष्ट दिसते.

आता पार्किंगच्या सेन्सरविषयी. मागच्या बंपरमधली गोल बटणे ही श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनिलहरी सोडणारे पडदे असतात आणि तो पडदा मोकळेपणे कंप पावला तरच ते काम करतात. त्यांच्यावर जाड, रबरी लेप बसला तर सेन्सर खोटी सूचना देतो किंवा मुका होतो, म्हणून ते काढून ठेवले आणि त्यांच्या भोकांच्या कडेवरचा लेप ओला असतानाच पुसून घेतला. याहून गंभीर बाब रडारची आहे. अंतर राखून चालणाऱ्या किंवा आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांत पुढच्या बंपरच्या प्लास्टिकमागे रडार बसवलेले असते आणि कडेच्या आंधळ्या कोनावर लक्ष ठेवणारी रडारे मागच्या बंपरच्या दोन्ही टोकांना असतात. ७७ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी हवेत जेमतेम ३.९ मिलिमीटर असते. तिच्या वाटेत अर्ध्या मिलिमीटरचा, जागोजागी जाडी बदलणारा थर टाकला तर लहरी क्षीण होतात आणि वळतातही. वाहन उत्पादक अशा जागी साध्या रंगाच्या जाडीवरसुद्धा मर्यादा घालतात. माझ्या जुन्या गाडीत रडार नाही, म्हणून मी हे काम करू शकलो. घरातल्या दुसऱ्या गाडीत ते आहे आणि तिच्या बंपरला मी हा लेप लावणार नाही, कितीही ओरखडे पडले तरी.

फवारल्यानंतर तासाभरात बोट लावता येते, पण पूर्ण पक्का व्हायला लेपाला सुमारे आठवडा लागतो. मी मागचा बंपर दुसऱ्याच दिवशी बसवला आणि एका क्लिपपाशी अंगठ्याने दाबलेल्या जागी दाणा चपटा झाला, तो आजही तसाच आहे. एवढी चूक सोडली तर वर्ष-दीड वर्षात या बंपरने तक्रारीला जागा ठेवलेली नाही. ज्या पाण्याच्या फवाऱ्याने पहिला लेप सोलला त्याच फवाऱ्याखाली तो अनेकदा गेला आहे, दगडी खांबाला एकदा घासला आहे, आणि घासलेल्या जागी लेपावर करडी रेघ उमटली, तरी प्लास्टिक उघडे पडले नाही. पुढच्या बंपरवर उडालेल्या खड्यांच्या खुणा शोधाव्या लागतात.

तक्रारी आहेत, त्या दुसऱ्या प्रकारच्या. खरखरीत पोतात चिखल आणि किडे अडकतात आणि स्पंजने ते निघत नाहीत. मऊ दातांचा ब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन बसावे लागते. त्यावर मेण चुकूनही लावू नये, कारण ते दाण्यांमध्ये वाळून पांढरे दिसते. उन्हाने काळेपणा थोडा उतरला आहे. ओला केल्यावर मूळ रंग दिसतो, वाळल्यावर किंचित राखाडी. दुरुस्तीच्या दृष्टीने पाहता नवा हात मारणे सोपे आहे, घासून, पुसून तेवढ्याच भागावर फवारता येते, मात्र जुन्या आणि नव्या दाण्याचा मेळ बसवायला हात सराईत हवा, नाहीतर ठिगळ दिसते.

आणि हा लेप काढणे अतिशय कष्टाचे आहे. लोखंडावरून तो ग्राइंडरने किंवा वाळूच्या माऱ्याने निघतो. प्लास्टिकवर रंग उतरवणारी तीव्र रसायने वापरली तर प्लास्टिकच बिघडते, आणि नीट धरलेला लेप घासून काढण्यापेक्षा नवा बंपर आणणे बहुधा परवडते. तो जाळून काढण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये, त्यातून विषारी धूर निघतो. म्हणून गाडीच्याच रंगाचा, मुळात चकचकीत असलेला बंपर चांगल्या स्थितीत असेल, किंवा गाडी लवकर विकायची असेल, तर मी हा लेप सुचवणार नाही. लोखंडी बंपर, खडीचे रस्ते आणि तयारीला दोन दिवस देण्याची मनाची तयारी असेल, तर याच्याइतका टिकाऊ लेप घरच्या साधनांनी मारता येणाऱ्या प्रकारांत मी दुसरा वापरलेला नाही. क्रोमचा मुलामा दिलेल्या बंपरवर मारायचा असेल तर तो मुलामा वाळूच्या माऱ्याने खरवडून काढावा लागेल, नुसत्या पॉलिश पेपरने लेप धरण्याइतका खरखरीतपणा त्याला येत नाही.

एक बाटली माझ्याकडे अजून शिल्लक आहे, हार्डनर न मिसळलेली. टो-हुकच्या भोकातला तो गंजाचा ठिपका या वेळी लहान गोल कानशीने उतरवून, त्यावर आधी प्रायमर देऊन, मग तिच्यातला लेप वापरायचा आहे.